दीड सूत

जालन्यात लोखंड फार काळ जुनं राहत नाही. कुठूनकुठून आलेलं भंगार एमआयडीसीत उतरतं, भट्टीत पडतं, लालभडक होऊन निघतं आणि सळई बनून कुणाच्या तरी स्लॅबात जाऊन बसतं. सायकल चोरीला गेली तर जालनेकर दोन दिवस शोधतो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, "जाऊ द्या, आता कुठल्या तरी बंगल्याच्या कॉलममध्ये असंल." अशा गावात एका माणसाने गॅस कटरच्या तोंडून एक मोटार ओढून काढली आणि तेव्हापासून तिच्यातलं एकेक लोखंड तो स्वतःच बदलत सुटला आहे. ते आमचे मामा.

जालन्यातल्या मामा चौकाचा आणि यांचा काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हे जुन्या जालन्यातले, आणि अख्ख्या गल्लीचे मामा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात त्यांनी उभी हयात काढली. लोकांच्या बिलांवर शेरे मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘दरपत्रके जोडली नाहीत’, ‘खुलासा व्हावा’, ‘सबब देयक परत’ हे हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मुलीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर समोर आला तेव्हा समासात ‘मुहूर्ताचा आधार जोडावा’ असं लिहून त्यांनी तो व्याह्यांकडे परत पाठवला. निवृत्तीनंतर असा माणूस फार तर ज्ञानेश्वरीकडे वळतो, नाहीतर हाउसिंग सोसायटीच्या हिशेबांकडे. मामा मोटारीकडे वळले आणि वळताना आपले सगळे शेरे कचेरीतच ठेवून आले. गाडीच्या खर्चाचं एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात ‘किरकोळ’ हे एकच शीर्ष आहे. इंजिनसुद्धा किरकोळमध्ये पडलेलं आहे.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. आजच्या पोरांना हे नाव सांगून काही उपयोग नाही, पण अँबेसेडर आणि फियाटच्या काळात रस्त्यावर तिसरी मोटार दिसली तर ती बहुधा हीच असायची. विलायतेत 1959 साली ट्रायम्फने काढली, 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. मामांना ती चंदनझिऱ्याकडच्या एका भंगारवाल्याकडे सापडली. चाकं नव्हती, काचा नव्हत्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली होती. कटरवाला सिलिंडर उघडतच होता. मामांनी तिथल्या तिथे वजनाच्या भावात सौदा केला. आठशे किलोच्या आसपास भरली. कुशनचं वजन वजा करावं की नाही यावर अर्धा तास घासाघीस झाली. कोंबडी मात्र भंगारवाल्याने परत मागून घेतली.

आता खरी मजा अशी की हेराल्ड ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. डॉक्टरांची, वकिलांची, कॉलेजच्या प्राध्यापकांची सोज्वळ गाडी ती. पण मामांना हे म्हणून बघा. ते तुम्हाला आधी खुर्चीत बसवतील, मग बजावतील की 1962 साली ट्रायम्फने जी स्पिटफायर काढली, तरुण गोऱ्यांना वेड लावणारी ती दोन सीटची बुटकी उघडी गाडी, ती ह्याच हेराल्डची चेसिस आखूड करून बनवली होती. हे खरं आहे. दोन्हींचा आराखडा मिकेलोत्ती नावाच्या एकाच इटालियनाचा, हेही खरं आहे. त्यावरून मामा निष्कर्ष काढतात की जालन्यातली हेराल्ड ही स्पिटफायरची मोठी बहीण आहे आणि परिस्थितीमुळे तिला लांब चेसिसवर दिवस काढावे लागले.

मग सुरू झालं तिला तिच्या मूळ योग्यतेला नेणं. हेराल्डचं अख्खं छप्पर नटबोल्टांवर असतं, सोडवलं की गाडी उघडी. मामांनी ते मार्गशीर्षात सोडवलं तेव्हा गल्लीने कौतुक केलं. वैशाखात, बेचाळीस डिग्रीत, ते टॉवेल डोक्याला गुंडाळून उघड्या गाडीत बसले तेव्हा समोरच्या आजींनी मामींना बोलावून विचारलं, "घरात काही बोलचाल झाली का गं?"

मामांसमोर कुणी नुसतं म्हणावं, की अहो, जुनी गाडी आहे, आहे तशी ठेवा. लगेच दाखल्यांची जंत्री बाहेर पडते. 1962 साली इंग्लंडातल्या एसी कंपनीच्या नाजूक गाडीत कॅरॉल शेल्बी नावाच्या अमेरिकनाने फोर्डचं आठ सिलिंडरी इंजिन कोंबलं आणि कोब्रा जन्माला आली. 1964 साली सनबीम अल्पाइनमध्ये तोच उद्योग झाला आणि तिची टायगर झाली. इंजिन इतकं घट्ट बसलं की एका प्लगपर्यंत हात पोचेना, शेवटी गाडीच्या आतल्या बाजूने पत्र्याला भोक ठेवावं लागलं. केन कॉस्टेलो नावाचा एक गडी आपल्या वर्कशॉपात एमजीबीमध्ये रोव्हरचं व्ही-एट बसवून विकू लागला, तेव्हा 1973 मध्ये खुद्द एमजीच्या मालकांनी तसलीच गाडी कारखान्यातून काढली. आणि ते रोव्हरचं इंजिन तरी कुठलं? मुळात अमेरिकेच्या ब्यूइकचं. हे सगळं सांगून झालं की मामा चष्मा काढतात. "गोऱ्यांनी केलं तर इतिहास, आणि आम्ही केलं तर भानगड."

"गोरे को पेन्शन पे घर चलाना था क्या, मामू?" हा उस्तादचा प्रश्न.

उस्ताद चंदनझिऱ्याचे. वय मामांएवढंच. अँबेसेडरपासून काळ्या-पिवळ्या जीपपर्यंत सगळ्यांची इंजिनं बांधलेली. हेराल्डवर त्यांचा जीव बसायला कारण एकच, तिचं बॉनेट. ते बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्डांसकट गाडीचं अख्खं नाक, आणि ते पुढे कलतं. मग इंजिन, टाय रॉड, पुढची चाकं, सगळं उघड्यावर. मेकॅनिकने खुशाल पुढच्या टायरवर बैठक मारावी आणि शेजारी चहा ठेवून काम करावं. "पूरी जिंदगी गाडी के नीचे गुजरी," उस्ताद म्हणतात, "ये पहली गाडी है जिसने कुर्सी दी."

हेराल्डचं मूळ इंजिन 948 सीसीचं. घोडे चाळीसच्या आत, तेही ती नवी होती तेव्हा. मामांना हवं होतं आधुनिक, सेन्सरवालं, चावी फिरवली की पहिल्या झटक्यात बोलणारं. पहिल्यांदा त्यांनी स्विफ्टचं इंजिन मनात धरलं. उस्तादांनी खडूने जमिनीवर आकृती काढून समजावलं: स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, हेराल्डचं उभं असतं आणि मागची चाकं ढकलतं. मामा त्या आकृतीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आडवं ते उभं करता येणार नाही?" उस्तादांनी चहा मागवला.

तोडगा निघाला जिप्सीचा. कुठल्याशा लिलावातली एक कंडम जिप्सी किंग कापायला आली होती. इंजिन 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ऐंशी घोडे, शिवाय उभं बसणारं आणि मागे ढकलणारं. पाच गिअरचा बॉक्स सोबत. चारही चाकं फिरवायची जिप्सीची पेटी वेगळी टांगलेली असते, ती गाळली की गिअरबॉक्सवरून सरळ मागे शाफ्ट टाकता येतो. हे उस्तादांना बघताक्षणी कळलं. मामांना फक्त ऐंशी हा आकडा कळला.

"बैठेगा का?"

"बैठता नै, मामू. बिठाना पडता."

बिठवण्यात वर्ष गेलं. फाउंडेशनच्या पट्ट्या नव्या वेल्ड झाल्या. सम्प हलेना म्हणून कापून जोडला. ईसीएमची वायरिंग उलगडून ओट्यावर पसरली तेव्हा मामींनी आधी ती झाडून काढायला केरसुणी आणली होती. जिप्सीचा गिअरबॉक्स जाडजूड, त्याच्यावरचं झाकण कुठून आणायचं हा प्रश्न पडला, आणि त्याच आठवड्यात मामींची पुरणपोळीची स्टीलची परात दिसेनाशी झाली. ती होळीच्या आदल्या दिवशी सापडली, गाडीत, दोन सीटच्या मध्ये, रिव्हेटा मारलेल्या अवस्थेत. मामांचा खुलासा तयार होता, "अगं, कंपनीनं इथं नुसता पुठ्ठा लावलेला होता. ओरिजिनल पुठ्ठा! मी स्टील दिलं." पुठ्ठ्याची गोष्ट खरी आहे, ट्रायम्फवाले ते झाकण दाबलेल्या पुठ्ठ्याचंच करायचे. मामी म्हणाल्या, "मग पुठ्ठ्यावर लाटा ह्या वर्षी पोळ्या."

जे लोक असे उद्योग करतात त्यांना एक गोष्ट ठाऊक असते आणि ती ते घरच्यांना कधी सांगत नाहीत. गाडीत एक भाग नवा बसला की शेजारचा लाजायला लागतो. इंजिन ऐंशी घोड्यांचं झालं, तर रेडिएटर कमी पडला. रेडिएटर मोठा केला, तर पंखा विजेचा लागला. पंख्याला बॅटरी मोठी. गाडी पळायला लागणार, तर थांबवणार कशी, म्हणून पुढचे ड्रम काढून डिस्क. हेराल्डच्या मागच्या बाजूला एकच आडवा पाटा असतो आणि दोन्हीकडचे एक्सल मधल्या सांध्यातून खालीवर झुलतात; जॅकवर चढवली की मागची चाकं आत वळतात आणि नुकतं उभं राहिलेलं वासरू दिसावं तशी ती दिसते. जोरात वळण घेताना एकदम ब्रेक मारला तर हे चाक पोटाखाली दुमडायला बघतं, हा हेराल्डचा आणि स्पिटफायरचा जगजाहीर दोष. चाळीस घोड्यांत तो खपून जायचा. ऐंशींचा विचार करून उस्तादांनी पाटा बसका करून घेतला आणि मामांना दम दिला, "मोड पे पाँव हिलाना नै."

मामांचं स्वतःचं म्हणून एकच तांत्रिक ज्ञान आहे आणि ते पक्कं आहे. हेराल्डच्या पुढच्या चाकांचा खांब खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. तिथे गिअरचं घट्ट तेल घालायचं असतं, ग्रीस नव्हे. निप्पल दिसला की आपल्याकडचा हात आपसूक ग्रीसगनकडे जातो; ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, आटे झिजतात, गंज धरतो आणि एक दिवस खांब मोडून चाक गाडीखाली लोळतं. उस्तादांच्या पोऱ्याने ग्रीसगन उचलली तेव्हा मामा लग्नाच्या पंगतीत बसल्यागत मांडी घालून बसले होते ते ताडकन उठले आणि आडवे झाले. त्या दिवशी त्यांच्या आवाजाला जुना कचेरीतला दरारा होता. पुढे महिनाभर भेटेल त्याला ते ट्रनियनबद्दल सांगत होते. भाजीवालीलाही सांगितलं. तिने कोथिंबीर फुकट दिली.

पण प्रकरण खऱ्या अर्थाने रंगलं चाकांवरून. तेरा इंची मूळ चाकं मामांना काही पटेनात. त्यांनी स्विफ्टचे पंधरा इंची अलॉय आणले, चकाचक, जोडी करून. रिक्षातून उतरवून गाडीच्या चारी बाजूंना टेकवून ठेवले आणि गल्लीला बोलावून दाखवले. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी एक उचलून हबला लावून पाहिला. चारातला एक बोल्ट गेला. दुसरा भोकाच्या काठावर येऊन थांबला. उस्तादांनी व्हर्निअर मागवला.

हेराल्डचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास पावणेचार इंच, म्हणजे 95.25 मिलिमीटर. स्विफ्टचा बरोबर 100. फरक पावणेपाच मिलिमीटरचा. उस्ताद मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि सांगितलं, "डेढ सूत."

मामांना दीड सूत म्हणजे काहीच वाटेना. बत्तीस-बत्तीस लाखांच्या बिलात त्यांनी पैशांचे फरक राउंड केले होते. "अहो, भोकं जरा किसून घ्या."

"नै होता."

"बोल्ट जरा तिरके घेतले तर?"

उस्तादांनी व्हर्निअर बंद करून डबीत ठेवला. सावकाश, फडक्यात गुंडाळून. मग म्हणाले, "मामू, समृद्धी पे एक सौ बीस से जाना बोलते ना तुम? चक्का तुमसे पहले नागपूर जाएगा."

हा घाव वर्मी लागला, कारण समृद्धीवर एकशेवीसने जाणं हेच मामांचं सगळ्याच्या मागचं स्वप्न. महामार्ग जालन्याला लागूनच गेलेला, छोट्या गाड्यांना वेगाची मर्यादा 120, आणि मूळ हेराल्ड कंपनीच्या सांगण्याप्रमाणे जीव खाऊन पळाली तरी तिथपर्यंत पोचत नाही. ऐंशी घोड्यांची सगळी भानगड ह्या शेवटच्या थोड्याशा वेगासाठी होती.

शेवटी लेथवर जाडजूड चकत्या काढायचं ठरलं: एका बाजूने हबला बसतील, दुसऱ्या बाजूने चाक घेतील. जुनी चार भोकं आणि नवे चार बोल्ट इतके जवळ येत होते की मध्ये लोखंडच उरेना. मग लेथवाल्याने नवे बोल्ट पंचेचाळीस अंशांनी फिरवून दोन भोकांच्या बरोबर मधे घेतले. मी ती चकती हातात घेऊन पाहिली आहे. कडा गुळगुळीत, भोकांच्या तोंडांना बारीक चॅम्फर, आणि मागच्या बाजूला पंचने ठोकलेलं ‘मामा १’, ‘मामा २’. सगळ्या खटाटोपात निर्विवाद सुंदर अशी वस्तू तीच, आणि ती चाकाआड गेल्यामुळे आता कुणाला दिसायची नाही. चकतीच्या जाडीने चाकं बाहेर सरकली, मडगार्डाला घासू लागली, म्हणून मडगार्डांच्या कडा ठोकून आत दुमडल्या. मामांनी रजिस्टरात लिहिलं: किरकोळ.

आणि एवढं झाल्यावर मामा येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगतात? "अस्सल ब्रिटिश आहे. अगदी ओरिजिनल." त्यात लबाडी नाही, हे त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं. आराखडा इटलीचा, बांधणी मद्रासची, इंजिन जपानी वळणाचं, चाकं स्विफ्टची, झाकण मामींचं आणि चकत्या जालन्याच्या. तरी त्यांच्या लेखी ब्रिटिशपणा कुठे तरी शिल्लक आहे. एकदा मी विचारलंच, नेमका कुठे? मामांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "अख्खी गाडी पंचवीस फुटात वळते. आजची एक तरी वळवून दाखवा." वर्तुळ पंचवीस फुटांचं, ही हेराल्डची जुनी ख्याती खरीच. माझं तोंड बंद झालं.

मूळचं इंजिन भंगारात द्यायला मात्र मामांनी साफ नकार दिला. ते बैठकीच्या खोलीत आहे, लोखंडी घोड्यावर, वर क्रोशाचा रुमाल. पाहुणे त्यावर कपबशा ठेवतात. थंडीच्या दिवसांत त्यातून अजूनही थेंब दोन थेंब तेल उतरतं, म्हणून खाली वर्तमानपत्र असतं. ते इंजिन जपण्यामागे मामांचा हिशेब आहे, आणि तो कायद्याचा आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली नियम केले: ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर, पहिली फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. शिवाय ती रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, नाहीतर पेट्रोल भरायला न्यायची. हे वाचून मामांना परमानंद झाला. "पेट्रोल भरायला समृद्धीवरच्या पंपावर जाईन. कोण अडवतं?"

एजंटने अडवलं. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "मामा, हिचं मूळ रूप कोणतं धरायचं?" त्याने 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकालही ऐकवला, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत चालत नाही. मामा नियमाच्या माणसाशी नियमाने बोलले. "माझ्या डोळ्यांत भिंगं नवी. दोन्ही गुडघे नवे, संभाजीनगरला बसवलेत. आधार कार्डावर मी तोच आहे ना?"

"तुमच्या गुडघ्यावर चेसिस नंबर नसतो, मामा."

मग मामांनी सुचवलं की तपासणीच्या दिवसापुरतं बैठकीतलं इंजिन परत चढवू. उस्तादांनी हे ऐकलं आणि चार दिवस फोन उचलला नाही.

तर गाडी तयार आहे, चावीसरशी सुरू होते, आणि कागदांवाचून फाटकाबाहेर पडत नाही. मामा दुसऱ्यांची बिलं परत करण्यात हयात घालवलेला माणूस. बिनकागदाची गाडी रस्त्यावर काढणं त्यांच्या रक्तात नाही. पण पूजा तर व्हायला हवी. जालन्यात नवं वाहन आलं की ते राजूरच्या गणपतीला जातं. म्हणून मामांनी आयशर ठरवला. हेराल्ड फळ्यांवरून वर चढवली, चारी चाकांना दोर लावले. आणि मामा? मामा हेराल्डमध्ये बसले. स्टिअरिंगवर. मामी खाली ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये, नारळ-हाराची पिशवी मांडीवर.

भोकरदन नाक्यावरून ही मिरवणूक निघाली तेव्हा लोकांनी रस्त्यात थांबून पाहिलं. आयशरच्या हौद्यात उघडी लाल गाडी, तिच्यात टॉवेल गुंडाळलेले मामा, आणि प्रत्येक वळणावर ते स्टिअरिंग फिरवत होते. दोनदा हॉर्न दिला. चढावर आयशरने गिअर टाकला तसा मामांनीही टाकला. उस्ताद मागून मोटारसायकलवर होते. ते सांगतात, उतारावर मामूचा पाय ब्रेकवर होता.

राजूरला पायथ्याशी ट्रॅक्टर, मोटारसायकली, एक नवा कोरा हार्वेस्टर, अशी रांग लागलेली. गुरुजी घाईत होते. आयशरवर चढून त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, तांदूळ टाकले आणि संकल्पाला सुरुवात करताना विचारलं, "वाहन नवीन का जुनं?"

मामा 1959 पासून सांगू लागले. गुरुजींनी पाणी सोडायला धरलेली पळी तशीच धरून ठेवली. मिकेलोत्ती झाला, मद्रास झालं, जिप्सीचा लिलाव आला. मागचा हार्वेस्टरवाला भोंगा वाजवू लागला. शेवटी मामी केबिनमधून उतरल्या, पदर खोचून आयशरच्या फाळक्यापाशी आल्या.

"गुरुजी, वरून जुनी धरा अन् आतून नवी धरा. अन् शांत करायची असंल तर गाडीची नको, ह्यांची करा."

गुरुजींनी मामांकडे नीट पाहिलं. "शांत म्हणजे दोन तास जातील, काकू."

"जाऊ द्या की," मामी म्हणाल्या.

ड्रायव्हरने केबिनमधून मुंडकं बाहेर काढलं. "दोन तासांचं वेटिंग पडंल बरं का, मालक."